त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी आणि तेहतीस

हौशी रेडिओवाले निरोप घेताना 'अच्छा, येते हं' म्हणत नाहीत. ते '७३' म्हणतात. कुणाशी फार जिव्हाळा असेल तर '८८' म्हणतात. '३३' मात्र फक्त बायकांनी बायकांना म्हणायचं. पुरुषाने म्हटलं तर चालत नाही आणि बाईने पुरुषाला म्हटलं तरी चालत नाही. तीन आकड्यांची ही वाटणी कशी झाली, याची गोष्ट शंभरावर वर्षं मागे जाते. तिच्यात भांडणं, रुसवे, टोमणे सगळं आहे, आणि ते बहुतेक शब्दांच्या दोन-दोन अर्थांवरून झालेलं आहे.

आधी हा छंद काय आहे ते सांगते, कारण आपल्या बायकांत तो फारसा पोचलेला नाही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरातल्या एखाद्या कोपऱ्यात यंत्र मांडायचं, गच्चीवर तार ताणायची आणि जगात कुठेही असलेल्या अशाच दुसऱ्या माणसाशी बोलायचं. त्यावर धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक संकेतनाम मिळतं. भारतातल्यांचं 'व्हीयू'ने सुरू होतं. पुढचा आकडा आणि अक्षरं ज्याची त्याची. तेच त्याचं हवेतलं नाव. या लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात. पूर्वी सगळं बोलणं मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत चाले. नंतर तोंडी बोलणंही आलं, पण जुनी आवड असलेले आजही खटक्यावरच बोलतात. एकेक अक्षर ठिपक्या-रेघांनी वाजवायचं म्हणजे वेळखाऊ काम. म्हणून सगळं आखूड करायचं. आणि आखूड केलं की अर्थाला बाह्या राहत नाहीत, तो कुणाच्याही अंगात बसतो.

ही आखूड भाषा हॅमवाल्यांनी शोधलेली नाही. ती त्यांना तारमास्तरांकडून वारशाने मिळाली. अमेरिकेत मोर्सची तार १८४४ साली सुरू झाली. लांबच्या लांब तारेवर दिवसभर बसलेले मास्तर कामाच्या मधल्या वेळात एकमेकांशी बोलत. शिष्टाचाराची वाक्यं पुन्हापुन्हा वाजवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी वाक्यांना आकडे दिले. १८५७ सालच्या तारमास्तरांच्या एका मार्गदर्शक मासिकात ७३ या आकड्याचा अर्थ दिला आहे, 'तुम्हाला माझं प्रेम'. दोनच वर्षांनी, १८५९ साली, वेस्टर्न युनियन या मोठ्या तार कंपनीने एक ते ब्याण्णव आकड्यांची आपली यादी ठरवली. त्यात ७३ म्हणजे 'माझा आदर स्वीकारावा' असं दरबारी वाक्य झालं. पुढे कुठल्या पुस्तकात नुसतं 'नमस्कार', कुठल्या पुस्तकात पुन्हा 'आदर स्वीकारावा', असं करत करत १९०८ च्या सुमारास आजचा अर्थ स्थिर झाला, 'शुभेच्छा'.

म्हणजे बघा, मधली पन्नास वर्षं एकच आकडा कुणी प्रेम म्हणून पाठवत होता, कुणी आदर म्हणून, कुणी उगाच रिवाज म्हणून. घेणाऱ्याच्या हातात कुठलं पुस्तक होतं त्यावर सगळं. आणि तारेच्या दोन्ही टोकांना पुरुषच असत असंही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरण्यांच्या गावात १८४६ सालीच सेरा बॅगली नावाची बाई तारकचेरीत कामाला लागली होती. ती आधी गिरणी-कामगारणींच्या हक्कांसाठी भांडणारी. तिच्यानंतर तारेवर बायका पुष्कळ आल्या. तारेवर तर चेहरा नाही, आवाज नाही, अक्षराचं वळणसुद्धा नाही. पलीकडे बाई आहे की बुवा, कसं कळावं? एला चीव्हर थेयर हिने १८७९ साली 'वायर्ड लव्ह' नावाची कादंबरी लिहिली. स्वतः तारेवर काम केलेली बाई. तिच्या नायिकेला तारेवर एक 'सी' भेटतो आणि तो स्त्री की पुरुष हेच तिला आधी ठाऊक नसतं. त्या काळच्या वाचकांना ती काही नवलाची गोष्ट वाटली नसणार. त्यांच्या शेजारच्या कचेरीत हे रोज चाललेलं होतं.

सांगणारा सांगतो एक आणि ऐकणारा ऐकतो दुसरंच, यात ठिपक्याचा आणि मोकळ्या जागेचा वाटा मोठा. अमेरिकेतल्या जुन्या मोर्स लिपीत काही अक्षरांच्या पोटातच फट असे. दोन ठिपके, थोडी फट, मग एक ठिपका म्हणजे 'सी'. एक ठिपका, फट, दोन ठिपके म्हणजे 'आर'. ठिपका, फट, ठिपका म्हणजे 'ओ'. हात जरा जड पडला, फट लांबली, की 'ओ' फुटून दोन 'ई' होत. नवशिक्याच्या हातून असे शब्द रोज फुटत आणि जुने मास्तर त्याच्यावर खेकसत. पुढची आंतरराष्ट्रीय मोर्स लिपी आली तिच्यात ही पोटातली फट काढून टाकली, हे फार बरं केलं.

ठिपक्याने घात होतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या ग्रंथांत कुणालाची कथा आहे, हेमचंद्राचार्यांनी 'परिशिष्टपर्वा'त ती दिली आहे. सम्राट अशोक पत्रात लिहितो की कुमाराने आता अध्ययन करावं. सावत्र आई त्या शब्दावर एक अनुस्वार देते आणि 'अधीयताम्'चं 'अंधीयताम्' होतं. शिकवा ऐवजी आंधळं करा. मुलगा बापाची आज्ञा म्हणून स्वतःच डोळे फोडून घेतो. आणि फटीची गोष्ट ऐकायची तर मारवाडातून इकडे आलेल्या व्यापारी घरांत विचारा. पेढीवरच्या महाजनी लिपीत काना-मात्रा लिहायची पद्धत नव्हती. 'काका अजमेर गये' असं लिहून पाठवलं, ते इकडे 'काका आज मर गये' असं वाचलं आणि घरात रडारड सुरू झाली. ही गोष्ट खरी घडली की नाही देव जाणे, पण इंदूरपासून हैदराबादपर्यंत प्रत्येक घर ती आपल्याच खापरपणजोबांच्या नावावर सांगतं. कुणालाच्या कथेत निदान दुष्टपणा तरी आहे. अजमेरच्या काकांच्या बाबतीत कुणाचाच दोष नाही, आणि माझ्या मते जास्त गोष्टी अजमेरसारख्या असतात. बरंच काही नुसतं मात्रा न दिल्यामुळे बिघडतं.

हवेतल्या खटक्याचं तसंच. १९१२ साली लंडनला बिनतारी संदेशांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने 'क्यू'ने सुरू होणारी तीन-तीन अक्षरांची सांकेतिक वाक्यं जगासाठी मान्य केली. मूळ सोय जहाजांची, पण हौशी लोकांनी ती उचलली. गंमत अशी की प्रश्न आणि उत्तर दोन्हींना अक्षरं तीच. 'क्यूआरएस' आणि पुढे प्रश्नचिन्ह म्हणजे 'मी सावकाश पाठवू का?' प्रश्नचिन्ह नसेल तर 'तुम्ही सावकाश पाठवा'. 'क्यूआरटी' आणि प्रश्नचिन्ह, 'मी थांबू का?' प्रश्नचिन्ह गेलं तर 'पाठवणं बंद करा'! मोर्समध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे ठिपका ठिपका, रेघ रेघ, ठिपका ठिपका. पावसाळ्यात वीज कडाडते, हवेत खरखर असते, त्यात नेमकं तेवढंच बुडालं तर? बिचाऱ्याने अदबीने विचारलेलं असतं, थांबू का म्हणून, आणि पलीकडच्याला ऐकू येतं, गप्प बस. सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून 'जाऊ?' म्हणणं आणि 'जा' म्हणणं, यात जेवढा फरक तेवढाच हा. तोंडी बोलताना तो सुरावर ओळखू येतो. खटक्याला सूर नाही. जाणकार म्हणतात की प्रत्येकाच्या हाताची एक लकब असते आणि ओळखीचा हात दोन शब्दांत कळतो. असेलही. हात कुणाचा ते कळत असेल. तो हसतोय की चिडलाय हे कळायला हाताची ओळख फार जुनी लागते.

'हॅम' हा शब्दच मुळात शिवी. तारमास्तरांच्या बोलीत हॅम म्हणजे ज्याला धड काम येत नाही असा मास्तर, हाताने जड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोरंसोरं घरी यंत्रं बनवून हवेत गडबड करायला लागली, जहाजांच्या आणि कंपन्यांच्या कामात त्यांची लुडबुड व्हायला लागली, तेव्हा पगारी लोकांनी चिडून त्यांना हॅम म्हटलं. पोरांनी तो शब्द टोपीसारखा डोक्यावर घातला. आज कुणाला हॅम म्हटलं तर तो खूश होतो. जुन्या अर्थाची जागा 'लिड' या शब्दाने घेतली, तो मात्र अजून लागतो. एखाद्या दुर्मिळ ठिकाणचं केंद्र हवेत आलं की हजारो लोक एकदम हाका मारतात, त्यात कुणी चुकून नको त्या ठिकाणी बोललं की पाच-पन्नास स्वयंघोषित हवालदार त्याच्यावर 'लिड, लिड' असा खटका वाजवतात. म्हणजे एका चुकीच्या आवाजावर पन्नास आवाजांची भर.

आता 'ओएम'कडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना, अमेरिकन रेडिओ रिले लीग, १९१४ साली हार्टफर्ड गावात निघाली. काढणारे हायरम पर्सी मॅक्सिम आणि त्यांचा तरुण सोबती क्लॅरेन्स टस्का. मॅक्सिम हे बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे संशोधक. आयुष्यभर आवाज बंद करायचं यंत्र विकलेल्या माणसाने जगाला बोलतं करायची संस्था काढावी, हे मला फार आवडतं. संस्थेचं 'क्यूएसटी' नावाचं मासिक डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालं. त्यात 'द ओल्ड मॅन' या नावाने कुणीतरी खडूस म्हातारा लिहायचा. हवेत किती गचाळपणा चाललाय, नव्या पोरांना वळण कसं नाही, असं चडफडत लिहायचा. लोक वाचून हसायचे आणि सुधारायचेसुद्धा. तो म्हातारा म्हणजे खुद्द मॅक्सिम, हे ते १९३६ साली वारल्यावर उघड झालं. त्यांच्या एका लेखात खरखरीतून ऐकू आलेला 'वूफ हाँग' असा एक अगम्य शब्द आहे. अर्थ कुणालाच माहीत नाही. पण वाचकांनी ठरवून टाकलं की बेशिस्तांना वठणीवर आणायचं हे हत्यार. पुढे संस्थेकडे कुणी लाकडाचे दोन तुकडे तारेने बांधून 'हाच तो वूफ हाँग' म्हणून पाठवूनही दिले. ज्या शब्दाला अर्थच नाही त्याच्यावरून मात्र कुणी रागावलं नाही!

'ओल्ड मॅन' हे इंग्रजीत रागाचं बोलणं नव्हे. जहाजावरच्या कप्तानाला खलाशी ओल्ड मॅन म्हणत. त्यात धाक आणि माया दोन्ही. आपण बेळगाव भागात वयाने लहान असलेल्यालाही 'अण्णा' म्हणतो तसं. तारेवरून ते हवेत आलं आणि 'ओएम' झालं. सोळा वर्षांचा पोरगाही ओएम. आपल्याकडे कुणी 'म्हातारबा' म्हणून हाक मारली तर पायताण निघेल, ते सोडा. आणि 'ओएम' ही दोन रोमन अक्षरं आपल्या आजीला दाखवली असती तर तिने 'ॐ' समजून आधी हात जोडले असते. हेही सोडा. प्रश्न असा आला की हवेत बाई भेटली तर तिला काय म्हणायचं?

पुरुष 'ओल्ड मॅन' तर बाई 'ओल्ड वुमन', हा सरळ हिशोब. पण पुरुषाला म्हातारा म्हटलं की मान आणि बाईला म्हातारी म्हटलं की अपमान. ही काही एकट्या अमेरिकेची रीत नाही. तेव्हा १९२० च्या सुमारास 'वायएल' रूढ झालं, 'यंग लेडी'. वय सोळा असो की ऐंशी, परवाना असलेली बाई म्हणजे वायएल. इथवर ठीक होतं. मग लग्न झालेली? तिच्यासाठी निघालं 'एक्सवायएल'. एक्स म्हणजे माजी. माजी तरुण स्त्री!

हे तीन अक्षरांचं विनोदी बारसं कुणी खोडसाळपणे केलं असं मला वाटत नाही. रात्री दोन वाजता घरच्या कोपऱ्यात बसून कुणीतरी म्हणाला असेल, आता बंद करतो, बायको ओरडतेय. आणि बायकोला एक आखूड शब्द हवा म्हणून ही थट्टा केली असेल. पण शब्द निघाला आणि राहिला, आणि त्याचे फाटे फुटले. एक म्हणजे, 'माजी' कशाची? तरुणपणाची माजी, की 'लेडी'पणाची? दुसरं, तो शब्द हॅमच्या बायकोसाठी की लग्न झालेल्या हॅम बाईसाठी? जी स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवते, स्वतःच्या हाताने तारा जोडते, तिचं नवराही हॅम असला तर काय? ती त्याची एक्सवायएल की स्वतःच्या नावाची वायएल? आणि तिसरं, जे विचारायला कुणाला सुचलं नाही ते असं की लग्न झाल्यावर पुरुष 'एक्सओएम' का होत नाही?

वाचताना तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. आपल्याकडे कु., सौ. आणि गं. भा. पुरुष जन्मापासून सरणापर्यंत 'श्री.', फार तर शेवटी 'कै.'. बाईच्या नावाआधीच्या त्या दोन-तीन अक्षरांत तिचा नवरा आहे की नाही, असला तर जिवंत आहे की नाही, एवढा मजकूर. आणि सीमेवरच्या आपल्या माणसांना तर आणखी एक फास आहे, 'श्रीमती'चा. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे जुन्या बायकांच्या कानाला श्रीमती म्हणजे विधवा. सुवासिनी ती 'सौ.'. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीच्या शेजारामुळे श्रीमती म्हणजे लग्न झालेली, नवरा असलेली. हिंदी लग्नपत्रिकेवर 'श्रीमती एवं श्री' असं जोडीने छापतात. इंदूरच्या एका महिला मंडळाने एकदा कार्यक्रमपत्रिका काढली, सगळ्या बायकांच्या नावाआधी एकजात श्रीमती. छान गुळगुळीत कागद, वर कलश. आमच्या माहेरच्या एक काकू तेव्हा आलेल्या. त्यांचं नाव पाहुण्यांत. पत्रिका हातात घेतली, नाव वाचलं, आणि पदर कपाळाशी नेऊन मटकन खाली बसल्या. काका बाहेरच्या खोलीत चहा पीत होते. मंडळाच्या बायकांना कळेना की एवढं झालं काय. त्यांनी तर मान दिला होता. आणि हल्ली सरकारी कागदांत सरसकट सगळ्यांना श्रीमती लिहितात, तो तिसरा अर्थ. एक शब्द, तीन गावं.

तर पुन्हा आकड्यांकडे. ७३ ला शुभेच्छांचा अर्थ चिकटला तसा ८८ ला 'प्रेम आणि मुका' हा अर्थ होता. हॅम लोक तो आपल्या बायकोला, मित्राच्या बायकोला, ओळखीच्या वायएलला थट्टेने पाठवत. थट्टाच ती. पण हवा म्हणजे काही पत्राचं बंद पाकीट नव्हे. ज्याच्याकडे यंत्र आहे तो कुणीही ऐकू शकतो. तेव्हा एखादी बाई एका अनोळखी माणसाशी हवामान, अँटेना, गावाचं नाव एवढंच बोलली आणि त्याने शेवटी ८८ ठोकून दिलं, तर तिने काय समजायचं? रिवाज? सलगी? उत्तरात ८८ दिलं तर ऐकणारे काय म्हणतील, आणि कोरडं ७३ दिलं तर 'फार मिजासखोर दिसते' असं नाही का म्हणणार? पुरुषाला हा पेच नव्हता. तो ७३ देऊन मोकळा. जो शब्द एकाच प्रकारच्या माणसांनी आपसांत बनवलेला असतो तो दुसऱ्या प्रकारचं माणूस आलं की अडखळतो, आणि अडखळण्याची किंमत त्या नव्या माणसाने भरायची असते. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट जास्त खुपते.

१९३९ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एथेल स्मिथ नावाच्या हॅम बाईने 'क्यूएसटी'ला पत्र लिहिलं. परवाना असलेल्या इतर बायका कुठे असतील तर त्यांनी मला कळवावं, एवढीच विनंती. बारा जणी पुढे आल्या आणि त्यातून 'यंग लेडीज रेडिओ लीग' उभी राहिली. एथेल तिची पहिली अध्यक्ष. नावात 'यंग लेडीज' आहे ते मुद्दाम लक्षात घ्या. 'एक्स' त्यांनी दारातच ठेवला. लग्न झालेली, न झालेली, नातवंडं असलेली, सगळ्या वायएल. आणि त्याच सुमारास त्यांच्यातल्या क्लारा रेगर या बाईंनी एक नवा आकडा सुचवला, ३३. अर्थ असा, मैत्रीची मोहोर असलेलं प्रेम, एका वायएलकडून दुसऱ्या वायएलला. फक्त बायकांत.

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ८८ बंद करा म्हणून त्यांनी ठराव केला असता तर हसण्यावारी गेला असता, 'यांना साधी थट्टा कळत नाही' म्हणून. त्यांनी जुना आकडा तसाच राहू दिला आणि शेजारी आपला चूल-पाट मांडला. मोर्समध्ये तीन म्हणजे तीन ठिपके, दोन रेघा. तेच दोनदा. ऐकायला ठसठशीत, खरखरीतही हरवत नाही. दोनच वर्षांत, डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली आणि तिथली सगळी हौशी केंद्रं १९४५ पर्यंत बंद ठेवावी लागली. बारा जणींचं ते बाळसं त्यात सहज विझलं असतं. ते विझलं नाही. ती संघटना आजही आहे.

पुरुषांनाही काही कळत नव्हतं असं नाही. पॉल सेगल यांनी १९२८ साली हौशी रेडिओवाल्याने कसं वागावं याची सहा कलमं लिहिली. स्वतःच्या करमणुकीसाठी दुसऱ्याचा आनंद कमी करू नये, हा त्यातल्या पहिल्या कलमाचा गाभा. इतकं चांगलं कलम, पण त्याचा पहिला शब्द होता 'जेंटलमनली'. सद्गृहस्थाला शोभेसा. कुणाला दुखवू नका असं सांगणाऱ्या वाक्याच्याच उंबऱ्यावर निम्मी माणसं अडली. पुढे केव्हातरी तो शब्द काढून 'कन्सिडरेट' केला, दुसऱ्याचा विचार करणारा. आता छापतात तो हाच. एका शब्दाची अदलाबदल, बाकी कलम जवळजवळ तसंच.

आपल्या देशात हे वेड फार जुनं. १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हवेत आले, ते भारतातले पहिले हौशी रेडिओवाले. गोव्याचं वेगळं होतं. तिथे पोर्तुगीज राज्य, म्हणून संकेतनाम 'सीआर८'ने सुरू व्हायचं. किती देशांशी बोलणं झालं याची जी जागतिक यादी हॅम लोक ठेवतात तीत गोवा स्वतंत्र देश म्हणून मोजला जाई. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि त्या यादीत त्याच्यासमोर शेरा पडला 'डिलीटेड'. त्यांच्या परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच की आता वेगळा मोजू नका, भारतात धरा. पण मुक्तीसाठी तुरुंगात गेलेल्या एखाद्या गोंयकाराने ती यादी बघितली तर? ज्या वर्षी आपण सुटलो त्याच वर्षी आपल्या नावापुढे 'खोडलेला'! यादी करणाऱ्याच्या मनात यातलं काही नव्हतं. अजमेरचे काका पुन्हा आठवतात.

हैदराबादला १९८३ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ ही संस्था आहे. या संस्थेतर्फे भारती प्रसाद या वायएल डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला गेल्या होत्या. पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात केंद्र मांडलं होतं. तिथून हौशी लोकांना बोलायची परवानगी वर्षानुवर्षं मिळालेली नव्हती, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्या संकेतनामाच्या शोधात होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागून त्सुनामी. फोन गेले. बाईंनी यंत्र पुन्हा उभं केलं आणि बेटावर अडकलेल्यांचे निरोप मुख्य भूमीवर पाठवत राहिल्या. अमुक माणूस सुखरूप आहे, त्याच्या घरी सांगा. असल्या निरोपात संक्षेप चालत नाही. नावाचं एकेक अक्षर फोड करून सांगावं लागतं, म आणि न यांची गल्लत झाली तर भलत्याच घरी आनंद आणि भलत्याच घरी आक्रोश. त्या दिवसांत आकडे आणि क्यूची अक्षरं बाजूला पडतात आणि शब्द पूर्ण उच्चारले जातात. एरवी घाईत जे आपण गिळतो तेच तेव्हा सगळ्यात महाग असतं.

हवेत गाठ पडली की आठवण म्हणून हॅम लोक एकमेकांना टपालाने कार्ड पाठवतात. पुष्कळ जुन्या कार्डांवर 'डियर ओएम' हे आधीच छापलेलं असे. संकेतनामावरून बाई-पुरुष कळत नाही, मग छापणारा ओएमच छापणार. हल्ली बऱ्याच कार्डांवर ते नसतं, नुसतं संकेतनाम, तारीख, वेळ. 'एक्सवायएल' मात्र संक्षेपांच्या यादीत अजून आहे. काही बायका तो हसून चालवून घेतात, काही ऐकल्या न ऐकल्यासारखं करतात, काही स्पष्ट सांगतात की मी वायएल, मला तेवढंच म्हणा. ३३ सुद्धा यादीत आहे, आणि रात्री उशिरा, खरखर कमी झाली की, दोन बायका अजूनही तो एकमेकींना वाजवतात.